आकाशाचे वेळापत्रक आणि घराचे वेळापत्रक

आकाशनिरीक्षणाचा छंद इतर छंदांहून एका बाबतीत अडचणीचा आहे. पोस्टाची तिकिटे दुपारी चिकटवता येतात, फुलपाखरे सकाळी पाहता येतात. तारे मात्र नेमके घर झोपते त्याच वेळी दिसतात. रात्री एक वाजता गच्चीच्या दाराची कडी वाजली की आई जागी होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला तुम्हाला पेंग येते. सहामाहीत गुण घसरले की वडील दुर्बिणीकडे बोट दाखवतात, आणि दुर्बीण माळ्यावर जाते.

माझ्या महाविद्यालयात अकरावीला येणाऱ्या मुलामुलींत आठवी-नववीत हौसेने आकाश पाहणारे काही जण दरवर्षी असतात. त्यांतील पुष्कळांनी दहावीला तो नाद सोडलेला असतो. कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले : “सर, घरी चालत नाही.” या उत्तराकडे आज आपण भौतिकशास्त्राच्या अंगाने पाहू. माझे मत असे की घर आणि आकाश यांचे भांडण बव्हंशी वेळेचे आहे. आकाशाच्या वेळा गणिताने काढता येतात. म्हणून हे भांडणही बरेचसे गणिताने मिटवता येते.

चार मिनिटांची सवलत

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २४ तासांत पूर्ण करते असे आपण म्हणतो. पण ते सूर्याच्या संदर्भात. ताऱ्यांच्या संदर्भात तिची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी होते. या एका दिवसात पृथ्वी सूर्याभोवतीच्या कक्षेत सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते. त्यामुळे सूर्य पुन्हा माथ्यावर येण्यासाठी तिला आणखी एक अंश वळावे लागते, आणि त्याला जवळजवळ चार मिनिटे लागतात. याचा परिणाम असा, की प्रत्येक तारा रोज चार मिनिटे आधी उगवतो. महिन्याला हे दोन तास होतात.

हे पाठ्यपुस्तकात तुम्ही वाचलेले असेल. आता त्याचा घरगुती उपयोग पाहा. मार्चच्या आरंभी वृश्चिकेतील ज्येष्ठा हा तांबूस तारा महाराष्ट्रात मध्यरात्रीनंतर एक-सव्वाच्या सुमारास उगवतो. दहावी-बारावीच्या परीक्षेचे हे दिवस. वृश्चिकेचा तो डौलदार आकडा पाहावा म्हणून कोणी त्या दिवसांत रात्री दोनचा गजर लावला, तर घरी बोलणी बसणारच, आणि ती रास्त असतील. हाच तारा मेच्या आरंभी सव्वानऊच्या सुमारास उगवतो. मार्च-एप्रिलचे एकसष्ट दिवस गुणिले चार म्हणजे २४४ मिनिटे, चार तासांहून थोडे अधिक. एवढा वेळ आकाशाने तुम्हाला फुकट दिला. तोवर परीक्षा संपलेली असते, सुट्टी लागलेली असते, घरची मंडळी उकाड्याने गच्चीवरच आलेली असतात.

तारे, तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका या सर्वांना हाच नियम लागू आहे. पहाटे जे दिसते ते काही महिन्यांनी संध्याकाळी दिसते. यांच्यासाठी झोप मोडण्याचे काहीही कारण नाही. हौशी निरीक्षकाच्या यादीतील निम्म्याहून अधिक गोष्टी या एका वाक्यात निकालात निघतात.

स्वयंपाकघरातील पंचांग

दुसरे वेळापत्रक चंद्राचे. अंधुक वस्तू पाहायच्या तर चांदणे नको. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास वर येतो आणि वद्य अष्टमीला साधारण मध्यरात्री. म्हणजे वद्य षष्ठीपासून पुढच्या शुद्ध तृतीयेपर्यंत, दर महिन्याला बारा-तेरा संध्याकाळी, रात्री दहापर्यंत आकाश काळोखे मिळते. तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली असते. त्यासाठी वेगळे पुस्तक विकत आणावे लागत नाही.

आणि एक गंमत लक्षात घ्या. आपल्याकडे पुष्कळ घरांत एक निरीक्षक आधीपासूनच असतो. संकष्टीचा उपवास करणारी आजी किंवा आई दर महिन्याच्या वद्य चतुर्थीला चंद्रोदयाची वाट पाहते. चंद्र दिसल्याशिवाय तिचा उपवास सुटत नाही. चंद्रोदयाची छापील वेळ आणि समोरच्या इमारतीआडून तो प्रत्यक्ष दिसण्याची वेळ यांत किती मिनिटांचा फरक पडतो, हे तिला तोंडपाठ असते. आमच्या घरी तरी स्थानिक क्षितिजाची उंची हा विषय मी मुलांना शिकवण्याच्या कितीतरी आधी माझ्या आईने शिकवून ठेवला होता, फक्त तिने त्याला ते नाव दिले नव्हते.

बारा महिन्यांच्या संकष्टींचे चंद्रोदय दिनदर्शिकेतून उतरवून घ्या. तिथी एकच असूनही ही वेळ कधी साडेसात-आठ, तर कधी दहा-साडेदहा असते. शरद ऋतूच्या सुमारास ती लवकरची आणि उन्हाळ्यात उशिराची. असे का व्हावे? एक कारण सोपे : सूर्यास्तच हिवाळ्यात लवकर आणि उन्हाळ्यात उशिरा होतो. दुसरे कारण चंद्राच्या मार्गाचे. पौर्णिमेच्या आसपासचा त्याचा मार्ग शरदात उगवतीच्या क्षितिजाशी लहान कोन करतो, म्हणून त्याचा रोजचा उशीर कमी असतो. वसंतात तो कोन मोठा होतो आणि उशीर वाढतो. तिसरे कारण असे की तिथीची लांबी सारखी नसते. पुढच्या संकष्टीला ही चर्चा ताटावर बसण्यापूर्वी करून पाहा. घरच्यांना छंदात सामील करून घेण्याचे इतके सोपे निमित्त दुसरे नाही.

दोन अर्ध्या रात्रींचा एक आलेख

काही गोष्टी थांबून राहत नाहीत, पण पुन्हा पुन्हा येतात. त्यांचे उत्तम उदाहरण म्हणजे ययाती तारकासमूहातील अल्गूल. डिसेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून मान बरीच वर केली की हा तारा दिसतो. एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची ही जोडी आहे. त्यांतला अंधुक तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो, तेव्हा आपल्याला त्याचे ग्रहण दिसते. अल्गूलची प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते, म्हणजे त्याचे तेज एक-तृतीयांशाहूनही कमी होते. दुर्बीण लागत नाही. ग्रहण सुमारे दहा तास चालते : पाच तास उतरण, पाच तास चढण.

आता दहा तास जागायचे का? मुळीच नाही. ही ग्रहणे २ दिवस २० तास ४९ मिनिटांच्या अंतराने होतात, म्हणजे तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटे कमी. समजा, एका मंगळवारी पहाटे १.४० ला तारा सर्वांत मंद झाला. ती रात्र सोडून द्या. पुढची मंदतम स्थिती गुरुवारी रात्री १०.२९ ला आणि त्यापुढची रविवारी संध्याकाळी ७.१८ ला येईल. गुरुवारी अभ्यास करता करता साडेसातपासून दर अर्ध्या तासाला दोन मिनिटे गच्चीवर जा, अल्गूलची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करा, वहीत आकडा लिहा आणि साडेदहाला झोपा. तुम्हाला आलेखाची उतरती बाजू मिळाली. रविवारी साडेसात ते साडेदहा हेच करा, चढती बाजू मिळेल. तारा नियमाने वागतो, म्हणून दोन दिवसांची निरीक्षणे मंदतम क्षण जुळवून एकाच कागदावर मांडता येतात. एक पूर्ण वक्र तयार होतो, आणि एकही रात्र साडेदहाच्या पलीकडे गेलेली नसते. आवर्ती घटनेचा अभ्यास तुकड्यातुकड्यांनी करता येतो. व्यावसायिक शास्त्रज्ञही असेच करतात. बहुतेक वेधशाळांना एका जागेवरून चोवीस तास रात्र मिळत नाही.

आणखी हिशेब करायचा तर असे आठ आवर्त म्हणजे २३ दिवसांना दीड तास कमी. म्हणून गुरुवारच्या १०.२९ नंतर तेवीस दिवसांनी, शनिवारी, हीच घटना रात्री नऊला सापडेल. तुलनेसाठी देवयानीतील गॅमा हा तारा घ्या; तो एरवी अल्गूलच्या बरोबरीचा दिसतो. अल्गूल मंद झाला म्हणजे ययातीतीलच डेल्टा आणि एप्सिलॉन त्याच्याहून उजळ दिसू लागतात.

या ताऱ्याचा आवर्तकाल इंग्लंडमधील यॉर्क गावच्या जॉन गुडरिकने १७८२-८३ मध्ये काढला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हते. त्याचा आकडा आजच्या मूल्याशी काही मिनिटांच्या फरकाने जुळतो. तो निरीक्षण करीत असे घराच्या खिडकीतून. रात्री गच्चीवर जाऊ देत नाहीत अशी तक्रार माझ्या वर्गातील मुली करतात. मुलग्यांना मिळते ती मोकळीक त्यांना मिळत नाही, हे खरे आहे आणि ते योग्य नाही. त्याबद्दल घरी बोलायला हवेच. पण बोलणे चालू असेपर्यंत खिडकी बंद ठेवण्याचे कारण नाही. उत्तरेची एक उघडी खिडकी असेल तर अल्गूलचे काम होते.

ज्या रात्री थांबत नाहीत

उरल्या त्या खरोखर अडचणीच्या गोष्टी : चंद्रग्रहणे, चंद्राने एखादा तारा झाकण्याची पिधाने, उल्कावर्षाव, अचानक आलेला धूमकेतू. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाची खग्रास अवस्था भारतात रात्री अकराच्या सुमारास सुरू झाली आणि साडेबाराच्या आधी संपली. तो रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी शाळा. अशा वेळी चार मिनिटांची सवलत उपयोगी पडत नाही.

पण अशा रात्री वर्षात किती? मी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाची दिनदर्शिका आणतो आणि त्यावर पेन्सिलीने खुणा करतो. निवडून निवडून पाच-सहा खुणांपलीकडे जात नाही. त्याच दिनदर्शिकेवर माझी पत्नी तिच्या खुणा करते : लग्नकार्ये, मुलीच्या परीक्षा, तिच्या स्वतःच्या शाळेची तपासणी. दोन खुणा एकाच चौकोनात आल्या तर बोलणे होते. वर्षाच्या आरंभी मागितलेली रात्र मिळते. त्याच संध्याकाळी साडेआठला मागितलेली रात्र बहुधा मिळत नाही. हा नियम भौतिकशास्त्राचा नव्हे, पण अनुभवाने तितकाच भरवशाचा आहे.

पाच-सहांत एक रात्र तरी अशी निवडावी की सारे घर येईल. माझी पसंती १३-१४ डिसेंबरच्या मिथुन राशीतील उल्कावर्षावाला. सिंह राशीतील उल्का मध्यरात्रीनंतर दिसतात आणि ययातीतील उल्का आपल्याकडे पावसाळ्यात ढगांमागे जातात. मिथुनेच्या उल्का मात्र रात्री नऊ-दहापासूनच दिसू लागतात. सतरंजी, पांघरूण आणि चहा एवढेच साहित्य. दुर्बिणीपुढे एकच माणूस उभा राहू शकतो आणि बाकीचे कंटाळतात. उल्का सर्वांना एकदम दिसतात. त्या वर्षी १३ डिसेंबरला तिथी कोणती आहे तेवढे मात्र आधी पाहा.

या बाबतीत अमेरिकेतील लेस्ली पेल्टिएरची हकीकत वाचण्यासारखी आहे. ओहायो राज्यातील डेल्फोस गावच्या या शेतकऱ्याच्या मुलाने स्ट्रॉबेरी तोडण्याच्या मजुरीतून आपली पहिली दोन इंची दुर्बीण घेतली. १९१८ पासून १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने रूपविकारी ताऱ्यांची एक लाखाहून अधिक निरीक्षणे केली आणि बारा धूमकेतू शोधले. पोटासाठी शेती, मग कारखान्यात नोकरी. घरी पत्नी आणि दोन मुलगे. उत्तर मुकुटातील एक तारा १८६६ मध्ये एकाएकी भडकला होता. तो पुन्हा भडकेल म्हणून पेल्टिएर त्याच्यावर पंचवीस वर्षे नजर ठेवून होता. फेब्रुवारी १९४६ मधल्या एका रात्री अडीचच्या गजराने तो उठला, आकाश निरभ्र होते, पण सर्दीने घसा धरला होता. तो पुन्हा झोपला. नेमक्या त्याच रात्री तारा भडकला.

ही गोष्ट सांगून पुष्कळ लोक ‘म्हणून एकही रात्र चुकवू नये’ असे म्हणतात. मला ती उलटी वाटते. ज्याने बासष्ट वर्षे निरीक्षण केले तो आजारी असताना झोपत होता. म्हणून तर तो बासष्ट वर्षे टिकला. तुमच्या वयात तर आठ तासांहून कमी झोप चालत नाही. त्या ताऱ्याच्या पुढच्या उद्रेकासाठी २०२४ पासून जगभरचे निरीक्षक डोळे लावून बसले.

आपल्याकडचे उदाहरण राधागोविंद चंद्र यांचे. आज बांगलादेशात असलेल्या जेसोर येथील सरकारी खजिन्यात ते नोकरीला होते. १९१२ मध्ये त्यांनी तीन इंची दुर्बीण घेतली. दिवसा कचेरी आणि रात्री रूपविकारी तारे, असे करून त्यांनी अमेरिकेच्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेला हजारो नोंदी पाठवल्या. त्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला धाडली. दररोज थोडे, पण वर्षानुवर्षे, हीच त्यांची पद्धत.

घराने भरलेली किंमत

वेळेचा हिशेब झाला; पण घर केवळ वेळ देत नाही. विल्यम हर्शेल हा इंग्लंडमधील बाथ शहरी संगीतशिक्षक होता. १७८१ च्या १३ मार्चला त्याने आपल्या बागेतून युरेनस ग्रह शोधला, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाथमधील त्याच्या घराची अवस्था त्याची बहीण कॅरोलिन हिने लिहून ठेवली आहे. नीटनेटक्या दिवाणखान्यात सुतार दुर्बिणीची नळी करीत बसलेला असे, आणि झोपण्याच्या एका खोलीत भावाने मोठे चरकयंत्र उभे केले होते. आरशाला शेवटची झिलई देताना हात थांबवून चालत नाही. एकदा विल्यमचे हात सलग सोळा तास आरशावर होते. कॅरोलिन त्याला घास भरवीत होती आणि पुस्तके वाचून दाखवीत होती.

कॅरोलिन बावीस वर्षांची असताना बाथला आली होती ती गाणे शिकायला, आणि ती चांगली गाऊही लागली होती. १७८२ मध्ये विल्यमला राजाश्रय मिळाला, दोघांनी बाथ सोडले आणि तिचे जाहीर गाणे संपले. भावाच्या निरीक्षणांची लेखनिक म्हणून ती बर्फाळ रात्री मैदानावर उभी राही. १७८३ च्या ३१ डिसेंबरला बर्फाखाली न दिसलेला लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. पुढे ती स्वतः आठ धूमकेतूंची शोधक झाली, १७८७ पासून तिला वर्षाला ५० पौंड वेतन मिळू लागले आणि १८२८ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिले. १७८८ मध्ये विल्यमचे लग्न झाले आणि तिला वेगळे बिऱ्हाड करावे लागले. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या रोजनिशीची पाने तिने नष्ट केली. त्यांत काय होते ते कोणालाच कळणार नाही.

युरेनसच्या शोधाइतकाच हा भागही शिकवला जावा असे मला वाटते. भावाला घास भरवताना तिला काय वाटले हे त्या वेळी कोणी विचारले असेल असे दिसत नाही. तुमच्या घरी हे विचारले जावे. तुम्ही गच्चीवर असता तेव्हा तुमच्यासाठी ताट झाकून कोण ठेवते? आरसा घासायचे ठरवले, तर कार्बोरंडमची पूड कोणाच्या ओट्यावर उडणार? सहा इंची आरसा घरी घासून तयार होतो. पण त्याला अनेक आठवडे लागतात, आणि ती पूड पिठाच्या डब्याजवळ गेली तर आईने आरसा बाहेर काढावा यात काही गैर नाही. ते काम शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा मंडळाच्या जागेत करावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांसाठी काम करते. इतर शहरांतही अशी मंडळे आहेत. शिक्षकांनी शाळेत चार-पाच मुलामुलींचा गट केला, तर पालकांची अर्धी काळजी तेथेच मिटते.

शेवटी दिव्याची गोष्ट, कारण रोजची कुरबूर तीवरूनच होते. काळोखात डोळ्याच्या दृष्टिपटलातील दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य साठत जाते आणि वीस ते तीस मिनिटांनी डोळा पूर्ण संवेदनक्षम होतो. कोणी मोरीचा दिवा लावला की हा साठा क्षणात नाहीसा होतो. म्हणून काही मुले साऱ्या घराला अंधारात बसवतात. ते अन्यायाचे आहे. दंडपेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम फार कमी होतो. तेव्हा स्वतःच्या विजेरीला लाल जिलेटिन कागद लावा, मोबाइल खाली ठेवा, आणि घराचे दिवे चालू राहू देत. तुम्हीच एका डोळ्यावर रुमाल बांधून घरात जा. परत आल्यावर तो डोळा उघडा. त्याचे ऱ्होडॉप्सिन जागेवर असते.

या महिन्यात करून पाहा. (१) दिनदर्शिकेवरून वद्य षष्ठी ते शुद्ध तृतीया या संध्याकाळी शोधा. त्यांतून शाळेच्या परीक्षा, पाहुणे आणि घरातील कामे वजा करा. किती उरल्या? (२) आज रात्री नऊला पूर्व क्षितिजावर जो ठळक तारा असेल तो दोन महिन्यांनी रात्री नऊला आकाशात कोठे असेल, याचे आधी गणित करा आणि वहीत तारीख घालून ठेवा. (३) पुढच्या संकष्टीला घरातील उपवास करणाऱ्या व्यक्तीला चंद्रोदयाची प्रत्यक्ष वेळ नोंदवायला सांगा. छापील वेळेशी पडलेल्या फरकावरून समोरच्या इमारतीची कोनीय उंची काढा. चंद्र एका तासात आकाशात सुमारे साडेचौदा अंश सरकतो. पण तो सरळ उभा न चढता तिरपा चढतो, हे उत्तर काढताना विसरू नका.